गेंड्याचं पिल्लू आणि आमची तूर

आज मधल्या सुट्टीत मुलांना मोबाईलवर एका प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या एकशिंगी गेंड्याच्या पिल्लाची चित्रफीत दाखवली. लोंबत्या कातडीचं ते पिल्लू आईच्या पायांत अडखळत होतं. शिंगाचा पत्ता नव्हता, कारण ते जन्मानंतर हळूहळू वाढतं. गाय नऊ महिन्यांत विते, गेंड्याची मादी मात्र सुमारे सोळा महिने गाभण राहते आणि एकाच पिल्लाला जन्म देते, हे ऐकून गुराख्याचा पोर चकित झाला. मागून एकाने विचारलंच, "सर, हा आपल्या तुरीत घुसला तं काय उरन?" रानडुकरांनी रात्र-रात्र जागवलेल्या घरातला प्रश्न, हसण्यावारी कसा न्यायचा?

मी सांगितलं, की पिंजऱ्यातल्या जन्माने जंगल आपोआप भरत नाही. आसामातल्या मानस राष्ट्रीय उद्यानात शिकाऱ्यांनी गेंडे संपवले होते; २००८ पासून आसामातल्याच पोबितोरा आणि काझीरंगाच्या जंगलांतून रानटी गेंडे नेऊन तिथे सोडावे लागले. २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले, तेही वनरक्षकांच्या रात्रंदिवस पहाऱ्यामुळे. गेंड्याचं शिंग म्हणजे आपल्या नखांत असतं तेच केराटिन नावाचं प्रथिन, हे कळताच मुलं आपापली नखं न्याहाळू लागली. पगारातले पाचशे रुपये मी गेंडे वाचवण्याच्या कामासाठी बाजूला काढले आहेत.