इन्स्पिरॉन १५४५ : डेबियन १३ चढलं, वाय-फाय गायब

डेलच्या या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्सच्या १२ (बूकवर्म) वरून १३ (ट्रिक्सी) वर उडी झाली. आधी नवी पॅकेजेस टाळून 'एपीटी अपग्रेड', मग 'फुल-अपग्रेड', दोन्ही बिनबोभाट. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१ वरून ६.१२ वर आला. रीबूटनंतर आवाज आहे, ब्राइटनेसची बटणं चालतात, आणि १२ मध्ये छळणारं सस्पेंडही आता सुरळीत. २००९ च्या मशीनवर हे पाहून फार बरं वाटलं. पण नेटवर्कच्या यादीत नुसतं लॅन!

हार्डवेअरची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय'मध्ये ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड बीसीएम४३१२ दिसतं, म्हणजे कार्ड जिवंत आहे. वायरलेस बंद केलंय का ते दाखवणाऱ्या 'आरएफकिल'मध्ये कुठलाही ब्लॉक नाही. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर लोड करायला 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' केलं की मॉड्यूल सापडत नाही म्हणून ओरडतं. खरी गोम 'डीकेएमएस स्टेटस'ने दाखवली (डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर पुन्हा बांधतं) : डब्ल्यूएल फक्त ६.१ साठी बांधलेलं. १२ च्या वेळी हेडर्स (या बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) नेमक्या त्या आवृत्तीचे बसवले होते, दर वेळी नवे हेडर्स ओढून आणणारं 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे मेटापॅकेज नव्हतंच. त्यामुळे नवा कर्नल आला, त्याचे हेडर्स आले नाहीत, आणि डीकेएमएस गप्प बसलं.

इंटरनेट नसताना पॅकेज कुठून आणायचं? ग्रबच्या (बूट मेनूच्या) अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना ६.१ निवडला, तिथे वाय-फाय हजर. तिथूनच मेटापॅकेज टाकलं, डीकेएमएसने ६.१२ साठी आपोआप बांधणी केली. ही वाट मोकळी राहावी म्हणून सगळं तपासून होईपर्यंत जुनी, नको झालेली पॅकेजेस काढणारं 'ऑटोरिमूव्ह' चालवू नका. आधीच चालवलं असेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टिथरिंग करा.

इथे थांबता आलं असतं. पण डब्ल्यूएलचा मूळ कोड २०१५ नंतर पुढे सरकलेला नाही, दर नव्या कर्नलला डेबियनचे पॅच त्याला तगवतात. म्हणून कर्नलमधलाच ड्रायव्हर बी४३ आजमावायचं ठरलं. 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' (डब्ल्यूएलचं पॅकेज) रिमूव्ह केलं, 'फर्मवेअर-बी४३-एलपीफाय-इन्स्टॉलर' टाकलं (हे डेबियनच्या कॉन्ट्रिब विभागात आहे, आणि फर्मवेअर नेटवरून उतरवतं, म्हणून लॅनची वायर लावूनच करा). रीबूट केलं, तरी बी४३ लोड होईना. कारण रिमूव्हने कॉन्फिग फाइल जात नाही. 'मॉडप्रोब.डी'मधली ब्लॅकलिस्ट (लोड करू नये अशा मॉड्यूल्सची यादी) तशीच राहते आणि तीत बी४३ बरोबर त्याला कार्डशी जोडणारं एसएसबीही असतं. एसएसबीशिवाय ४३१२ ला बी४३ लागूच शकत नाही. पर्ज करा (कॉन्फिगसकट काढा), 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल नव्याने बनते), रीबूट करा. लागलीच जोडलं गेलं!

मोठी फाइल ओढताना मात्र लॉगमध्ये डीएमए (सीपीयूला न गुंतवता डेटा हलवण्याची पद्धत) एरर येऊन कनेक्शन तुटतं. बी४३ ला 'पीआयओ=१' (डेटा सीपीयूमार्फत) आणि 'क्यूओएस=०' (पॅकेट्सचा प्राधान्यक्रम बंद) दिल्यावर तुटणं थांबलं. त्याची किंमत सीपीयू मोजतो, कारण प्रत्येक पॅकेटची ने-आण आता त्याच्याच गळ्यात आहे.

वेगळं बूट पार्टिशन असणाऱ्यांनी अपग्रेडआधी जागा बघा, निदान ३०० एमबी मोकळी हवी. इथे आहे ५१२ एमबीचं, तेव्हा 'मॉड्यूल्स=डेप' (फक्त याच मशीनला लागणारी मॉड्यूल्स) करून इनिटरामएफएस बारीक केलं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची असेल तर आधी 'मॉड्यूल्स=मोस्ट'वर परत या, नाहीतर बूट अडकेल. शिवाय १३ मध्ये तात्पुरत्या फाइल्सचं '/टीएमपी' रॅममध्ये असतं, जास्तीत जास्त निम्म्या रॅमपर्यंत. ४ जीबीच्या मशीनवर आयएसओ तिथे उतरवू नका.

पुढचा बेत होता ८ जीबी डीडीआर२ रॅमचा. तो आता मागे. ४ जीबीच्या डीडीआर२ पट्ट्यांना जो भाव सांगतात तो या मशीनसाठी अवाजवी आहे. त्याऐवजी एआर९२८७ चं हाफ-मिनी वाय-फाय कार्ड : त्याचा ड्रायव्हर एटीएच९के कर्नलमध्येच आहे, फर्मवेअर लागत नाही, डीकेएमएसची कटकट नाही, आणि ४३१२ च्या जी ऐवजी जास्त वेगाचं एन वाय-फाय मिळतं. जुन्या थिंकपॅडवाल्यांनी मात्र बायोसची व्हाइटलिस्ट (मंजूर कार्डांची यादी) आधी तपासा. ऑर्डर करण्यापूर्वी तळाचं झाकण उघडून काळ्या-पांढऱ्या अँटेना वायरींची टोकं शाबूत आहेत का, ते बघायचं आहे.