साडेचार इंचांची लढाई

फ्रॉस्टग्रेव्ह या टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या युद्धखेळात समोरच्याची किती माणसं पाडली याला फारसं महत्त्व नाही. टेबलावर खजिन्याची ५ टोकनं असतात: एक बरोबर मध्ये, बाकीची चार दोघांनी मांडलेली. ती उचलून टेबलाच्या कडेबाहेर न्यायची. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की खेळाकडे बघण्याची नजर बदलते. परवा मावसभावाबरोबर जो डाव झाला, तो मी याच एका विचाराच्या जोरावर निभावला.

खेळ ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनाचा, २०१५ सालचा. आम्ही २०२० ची दुसरी आवृत्ती खेळतो. हजार वर्षं बर्फाखाली गाडलेलं फेल्स्टाड शहर आता वितळू लागलंय आणि जादूगार आपापल्या टोळ्या घेऊन तिथल्या अवशेषांत शिरलेत, अशी कल्पना. एक जादूगार, एक शिष्य आणि जास्तीत जास्त ८ शिपाई, एवढीच टोळी. मैदान ३ फूट बाय ३ फूट, म्हणजे जेवणाच्या टेबलावरही मावतं. पडक्या भिंती आम्ही पॅकिंगच्या फोममधून कापल्यात. लहानपणी दोघांनी मिळून दिवाळीतले किल्ले केलेत, त्यामुळे तट, बुरूज, चोरवाटा हे सगळं हाताला आपसूक येतं. आणि भिंती दाटीने मांडल्याच पाहिजेत. मोकळ्या मैदानावर हा खेळ म्हणजे नुसती नेमबाजी होते.

लढाईचा हिशोब सोपा, पण निर्दय. दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपापलं कौशल्य मिळवायचं. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. त्या बेरजेतून हरणाऱ्याचं चिलखत वजा केलं की उरतो तो घाव. नाइट या तगड्या शिपायाचं कौशल्य ४, साध्या गुंडाचं २. फासा २० चा असताना हा २ चा फरक कितीसा टिकणार? म्हणून माझं ठाम मत आहे की चांगला खेळाडू फासे चांगले टाकत नाही; जिथे फासा टाकावाच लागणार नाही अशा जागा तो शोधतो.

खजिना उचललेल्याची चाल निम्मी होते. गुंडाची चाल ६ इंच, म्हणजे ओझ्यासह ३. दुसरी हालचाल त्याच्याही निम्मी, दीड. एका फेरीत झाले साडेचार इंच. मधलं टोकन कडेपासून १८ इंचांवर, म्हणजे पूर्ण चार फेऱ्या उघड्यावर. माझा जादूगार एन्चँटर घराण्याचा, त्याच्याकडे टेलिकिनेसिसचा मंत्र आहे: कुणी न उचललेलं टोकन ६ इंच सरकवता येतं. पहिल्याच फेरीत तो साधला आणि एक फेरी वाचली. पुढची वाटही मी सरळ न घेता भिंतीच्या आडून घेतली, कारण भावाचा जादूगार एलिमेंटलिस्ट. त्याचा लांबून मारा करणारा मंत्र, एलिमेंटल बोल्ट, नेमबाजीच्या फाशात ७ मिळवतो.

दोघांचीही दोन-दोन टोकनं बाहेर पडली. उरलं मधलं, माझ्या गुंडाच्या हातात, कडेपासून ८ इंचांवर. फेरीत आधी जादूगारांचा टप्पा, मग शिष्यांचा, मग शिपायांचा. त्या फेरीत पहिली चाल भावाला मिळाली. त्याचा जादूगार पडक्या तटावर चढला. बोल्टला १२ हवे होते, फासा पडला १०. त्याने स्वतःच्या जिवाचे २ गुण मोजले आणि मंत्र पुरा केला. नेम १४ अधिक ७, एकवीस. माझा फासा ६. भिंतीचा आडोसा धरूनही ११ च झाले. गुंडाचं चिलखत १०, घाव ११, जीव १०. गुंड जागीच पडला, टोकन जमिनीवर.

शत्रू एका इंचाच्या आत असेल तर टोकन उचलता येत नाही, म्हणून मी नाइटला त्याच्या शेजारी उभं केलं. माझ्या जादूगाराचा टेलिकिनेसिस फसला. भावाचा मॅन-ॲट-आर्म्स नावाचा शिपाई नाइटवर तुटून पडला आणि १२ तला ७ जीव घेऊन गेला. आता शिष्याची पाळी. त्याला तोच मंत्र दोनाने जड, म्हणजे १२ हवेत. पडले १५. टोकन झटापटीतून निसटून कडेपासून २ इंचांवर आलं. भावाच्या दुसऱ्या शिपायाने नाइटला लोळवलं, पण तोवर माझ्या टोळीतल्या चोराने टोकन उचललं होतं. चोर नेमका कुठे ठेवायचा यावर मी बराच वेळ घेतला: भिंतीच्या पलीकडे, जादूगारापासून ३ इंचांच्या आत. जादूगार तीन शिपायांना आपल्याच टप्प्यात बरोबर हलवू शकतो, त्यामुळे चोराला शिपायांच्या टप्प्याची वाट बघायची गरज नव्हती.

पहिल्या चालीचे फासे पडले: भाऊ १३, मी ९.

त्याचा जादूगार तटावरून जाईल तेवढा पुढे सरकला. "दादा, लेझर दे." नजरेची रेषा बघायला आम्ही लेझर पॉइंटर वापरतो. त्याने तो मिनिएचरच्या डोक्याशी धरला. लाल ठिपका भिंतीच्या कोपऱ्यावर पडला, चोराच्या अलीकडे. त्याने थोडं खाली वाकवून पाहिलं, पुन्हा कोपराच. "नाही दिसत," तो म्हणाला आणि स्वतःच लेझर बंद केला. असा प्रतिस्पर्धी मिळणं हे या खेळातलं मोठं सुख आहे. त्याचे धनुर्धर शिपायांच्या टप्प्यात आले असते, पण त्याआधी माझ्या जादूगाराचा टप्पा होता. चोर बाहेर पडला. ३-२.

डावानंतर पडलेल्या प्रत्येकासाठी फासा टाकतात: १ ते ४ मेला, ५ ते ८ जबर जखमी, त्यापुढे ठणठणीत. गुंडाला ३ पडले. नवा गुंड फुकट मिळतो, पण मी त्याची मूर्ती बाजूला ठेवली, दुसरी रंगवतोय. नाइटला ७ पडले, म्हणजे पुढच्या डावाला तो मुकला. भाऊ आता नवा मंत्र शिकायच्या तयारीत आहे, आणि भिंतीपलीकडे उडी मारून नेणारा 'लीप' त्याने पुस्तकात खूण करून ठेवलाय.