चारची वायर, बत्तीसचा एमसीबी आणि सोलापूरचा मे महिना

मेमधली गोष्ट आहे. रात्री खालचा एसी चालू, वरचा एसी चालू, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं. आता सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको, पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, आलं की झोपेतून उठून आधी मोटर लावायची, त्या घाईत एसी बंद करायचं कुणाच्या डोक्यात येणार. मोटर लावली की मेन एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, खट्टकन खाली.

हे आधीही व्हायचं. म्हणून शेवटी एका वायरमनला बोलावलं, तर त्यानं पाच मिनिटांत २५ अँपिअरचा काढून ३२ चा एमसीबी बसवला, "आता नाही पडणार ओ ताई" म्हणाला आणि गेला. खरंच पडला नाही. मीही खूश. पुढच्या पाण्याच्या दिवशी मात्र जिन्याखाली कसला तरी वास यायला लागला, मला वाटलं शेजारी बोंबील भाजतायत की काय. अण्णांनी मात्र बॉक्सवर उलटा हात ठेवला आणि म्हणाले, "गरम लागायलंय गं, बंद कर सगळं." अण्णांची तीस वर्षं पॉवरलूमच्या मोटरींमध्ये गेली, त्यांचा हात म्हणजे आमच्याकडचं मीटरच. आणि तो मासळीसारखा वास येतो ना, तो तापलेल्या प्लॅस्टिकचा, पुढं कधी आला तर बोंबील समजू नका.

दुसऱ्या दिवशी दुसरे वायरमन आले, वयस्कर, अजून तीन-वीस, सात-वीस असं बोलणारे. मला आधी ते कळेचना. तर जुन्या हिशोबात तीन-वीस म्हणजे २० गेजच्या तीन तारा, आताच्या मापात, म्हणजे तांब्याच्या जाडीच्या हिशोबात, साधारण दोन स्क्वेअर एमएम, आणि सात-वीस म्हणजे साडेचारच्या आसपास. त्यांनी मेन स्विच पाडून बॉक्स उघडला, तर एमसीबीच्या स्क्रूपासून बोटभर लांब लाल वायर चॉकलेटी झालेली, नखानं दाबली तर करकर तुकडे पडायला लागले. मीटरपासून घरापर्यंत चारची, म्हणजे चार स्क्वेअर एमएमची, वायर निघाली.

इथं आमच्या घराची रचना सांगायला पाहिजे. जुना वाडा, वाटण्या झालेल्या, सगळ्यांचे मीटर बोळाच्या तोंडाशी एकाच फळीवर आणि आमचं घर पार मागं. वायरीचा पाइप चुलत्यांच्या गच्चीवरून उन्हातनं येतो, मोजलं तर ३५ मीटर भरलं. घर बांधलं तेव्हा चार पंखे, ट्यूबलाइट आणि एक फ्रिज होता, त्याला चारची भरपूर होती. नंतर आम्ही एकेक वस्तू आणत गेलो, ही वायर कुणाला आठवतेय.

मग मी वही घेऊन बसले. दीड टनाचा एसी साधारण ८ अँपिअर घेतो, दोन झाले १६. एक एचपीची मोटर ६-७, चालू होतानाचा झटका वेगळाच, चार-पाच पट. फ्रिज, पंखे, दिवे, एखादा मिक्सर मिळून पाच-सहा. म्हणजे ३० च्या जवळ. गिझर धरलाच नाही, मेमध्ये टाकीचंच पाणी अंगाला चटका देतं.

आता वायर किती झेपवते. पाइपातून नेलेली तांब्याची पीव्हीसी वायर असेल तर वायरींच्या तक्त्यात चारची ३२ अँपिअर, सहाची ४१, दहाची ५७. हे बघून वाटतं की ३२ चा एमसीबी चारच्या वायरला बरोबरच आहे की! पण तो तक्ता ३० डिग्री तापमानाचा असतो, आणि ३० डिग्री आमच्याकडे मेमध्ये फार तर पहाटे मिळतं. भोवतीची हवा ४५ धरली तर आकड्याला ०.७९ नं गुणायचं, ५० धरली तर ०.७१ नं. गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपात मी ५० च धरलं. चारची आली २३ वर, सहाची २९, दहाची ४०.

म्हणजे २३ झेपवणाऱ्या वायरवर ३२ चा पहारेकरी. वर हा एमसीबी ३२ ला लगेच पडतो असंही नाही, ३६ अँपिअरपर्यंत तो तासभर गप्प बसू शकतो, त्याची रचनाच तशी आहे. एमसीबी वायरीच्या संरक्षणाला असतो, तो पडत होता तेव्हा त्याचं काम बरोबर चाललं होतं, आम्हीच त्याचं तोंड बंद केलं. आधी लोड, मग त्याला पुरेल असा एमसीबी, मग त्या एमसीबीपेक्षा जास्त झेपवणारी वायर, हा क्रम पहिल्या वायरमनला माहीत नसेल असं मला वाटत नाही, नवीन वायर ओढायचा कंटाळा, दुसरं काय.

अंतराचं वेगळंच दुखणं. ३५ मीटर जायला आणि ३५ यायला, ७० मीटर तांबं. चारच्या वायरीत ३० अँपिअरला जवळपास १० व्होल्ट वाटेतच जातात, वायर तापली की अजून थोडे. सगळ्या गल्लीनं मोटरी लावल्या की आधीच व्होल्टेज पडलेलं, त्यात हे दहा गेले की एसी नुसता घरघर करतो. दहाच्या वायरीत तेच चार व्होल्टवर येतं.

दुकानदार म्हणाला सहाची घ्या, सगळे सहाचीच नेतात. त्याचंही खोटं नाही, मीटर दाराशी असता तर मीपण सहाची घेतली असती. पण आम्ही दहाचीच घेतली, तिच्यात सहाच्यापेक्षा तांबंच दीडपटीहून जास्त, त्यामुळं बिल बघून अण्णांचं तोंड जरा उतरलं. न्यूट्रल सहाची टाकून पैसे वाचवू का असं मी विचारलं, तर वायरमनकाका हसले, "जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, त्याला काय सवलत आहे का?" अर्थिंगची हिरवीपण दहाचीच टाकली.

आतल्या वायरिंगला हात लावला नाही. दिवे-पंख्यांना दीडची आहे, सोळा अँपिअरच्या प्लगांना अडीचची, एसींना चारची, प्रत्येकाचा एमसीबी वेगळा, ते ठीक निघालं.  

एक राहिलंय. आमच्या मीटरवर ५-३० अँपिअर लिहिलंय, म्हणजे दहाची वायर टाकली म्हणून ४० चा एमसीबी लावता येत नाही, मेनला ३२ चाच ठेवलाय. मंजूर भार वाढवायचा अर्ज करायचाय, मीटरचं सील आणि त्याच्या मागची खांबावरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर हे महावितरणचं काम, तिथं कुठल्याच वायरमनला हात लावू द्यायचा नाही. तोवर पाणी आलं की वरचा एसी बंद, असा कागद मोटरच्या बटणाशेजारी चिकटवलाय. परवा पाणी आलं तेव्हा अण्णांनीच तो न वाचता मोटर लावली.