फ्लॅट टॉप्समधील पाच दिवस आणि एल्कसाठी रायफलची निवड

डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे निघाले आणि आयझेनहॉवर बोगदा व ग्लेनवुडची खोल दरी मागे टाकली की कोलोरॅडो नदीच्या काठी एक लहान गाव लागते. त्याचे नावच ‘रायफल’ आहे. तेथून उत्तरेला वळून राज्य महामार्ग १३ ने मीकर गाठायचे आणि मग व्हाइट नदीच्या खोऱ्याने वर चढत जायचे. डेन्व्हरपासून मीकर साधारण सव्वादोनशे मैलांवर आहे आणि रस्ता कोरडा असेल तर चार-साडेचार तास पुरतात. अमेरिकेतील सर्वाधिक एल्क, म्हणजे तिकडची मोठी हरणे, कोलोरॅडो राज्यात आहेत आणि फ्लॅट टॉप्सचे हे पठारी डोंगर त्यांच्या सर्वांत मोठ्या कळपाचे घर आहे. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, रायफल-शिकारीच्या दुसऱ्या हंगामात, आम्ही तिघे येथे सुमारे नऊ हजार फुटांवर तंबू ठोकून पाच दिवस राहिलो. मी, न्यू जर्सीहून आलेला माझा कॉलेजमधला मित्र आणि आमचे सत्तरी ओलांडलेले अमेरिकन शेजारी, ज्यांनी मला ही विद्या शिकवली.

महाराष्ट्रातून येथे आलेल्या अनेकांना ‘शिकार’ हा शब्दच खटकतो आणि ते स्वाभाविक आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे ती बंद झाली आणि व्हायलाच हवी होती. येथील व्यवस्था निराळी आहे. राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी प्रत्येक विभागातील कळपाचा अंदाज घेऊन परवाने ठरवते आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर बसणारा केंद्रीय कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. एल्कच्या मादीच्या मर्यादित परवान्यासाठी आम्ही एप्रिलच्या आरंभी अर्ज केला होता आणि सोडतीत आम्हा दोघांचेही नाव लागले.

आता रायफलच्या निवडीच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण गेल्या ऑक्टोबरचा माझा प्रवास खऱ्या अर्थाने आदल्या वर्षीच्या चुकीपासून सुरू होतो. पहिली रायफल घेताना मी .३०० विंचेस्टर मॅग्नम या काडतुसाची निवडली. एल्क हे मोठे जनावर आहे. मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास आणि पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या वर भरतो, म्हणजे आपल्याकडच्या थोराड सांबराच्या तोडीचा. तेव्हा काडतूस जितके जोरदार तितके चांगले, असे मी गृहीत धरले. ते काडतूस १९६३ सालापासून चालत आले आहे, १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला सुमारे २,९५० फूट वेगाने फेकते आणि त्याच्या सामर्थ्याविषयी कोणीही शंका घेणार नाही. त्या शरदात १८० यार्डांवर आडवी उभी असलेली मादी मला मिळाली आणि मी ती साफ चुकवली. जनावर जखमी होऊन गेले तर नाही ना, या काळजीने आम्ही दोन तास बर्फात रक्ताचा थेंब शोधत फिरलो. ते दोन तास मी विसरलेलो नाही. सुदैवाने गोळी पूर्णपणे वरून गेली होती.

पुढे मे महिन्यात शेजारी मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेले आणि माझ्या नकळत त्यांनी मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर दोन नकली काडतुसे भरली. नकली काडतुसावर चाप ओढला गेला तेव्हा स्फोट झाला नाही, केवळ ‘खट्’ असा आवाज आला, आणि तरीही रायफलच्या नळीचे तोंड हातभर हलले. धक्का येणार या भीतीने मी चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटून खांदा आक्रसत होतो. मॅग्नमचा धक्का साधारण साडेआठ पाउंडांच्या रायफलमध्ये २६ फूट-पाउंडांच्या (हे ऊर्जेचे माप) आसपास किंवा त्याहून जास्त असतो. माझ्या अंगकाठीच्या आणि वर्षाला चार-पाच वेळाच मैदानावर जाणाऱ्या माणसाला तो पेलत नव्हता. नव्या शिकाऱ्याने ही नकली काडतुसांची परीक्षा रायफल विकत घेण्यापूर्वीच, कोणाची तरी रायफल मागून, करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन.

मी ती रायफल विकली आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड घेतली, जिला येथे सगळे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणतात. शेवटचा ०६ हा आकडा १९०६ सालचा. अमेरिकन लष्कराने स्वीकारलेले हे काडतूस सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर असूनही एल्कसाठी आजही पुरेसे आहे. १६५ ग्रेनची, म्हणजे पावणेअकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने सुटते आणि दोनशे यार्डांवर तिच्यात २,००० फूट-पाउंडांहून अधिक ऊर्जा उरते. एल्कसाठी १,५०० फूट-पाउंड हवेत असा जुन्या शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. तो शास्त्रीय नियम नाही, पण आपल्या मर्यादेचे अंतर ठरवायला उपयोगी पडतो. धक्का मात्र २० फूट-पाउंडांच्या आसपास राहतो. आकड्यातला हा फरक कागदावर लहान दिसत असला, तरी दहाव्या गोळीनंतर खांद्याला तो स्पष्ट कळतो.

माझ्या मित्राकडे .२७० विंचेस्टर आहे. १९२५ मध्ये आलेले हे काडतूस .३०-०६ च्याच कोशाची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची, मान बारीक करून बनवलेले असल्यामुळे त्याची गोळी सपाट मार्गाने जाते, धक्का किंचित कमी असतो, आणि १३० ग्रेनऐवजी १५० ग्रेनची किंवा मजबूत बांधणीची गोळी घेतली तर एल्कसाठी त्यात मला काही उणे दिसत नाही. शेजाऱ्यांची ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ सालच्या वाणाची आहे. तीस हंगाम त्यांनी तिच्याशिवाय दुसरी रायफल हातात धरलेली नाही. .३०८ विंचेस्टरही तीनशे यार्डांच्या आत भरवशाची आहे.

खरा वाद ६.५ क्रीडमूरविषयी होतो. २००७ मध्ये आलेले हे काडतूस अचूक आहे, त्याचा धक्का सौम्य आहे आणि म्हणूनच अनेक नवे शिकारी तेच घेऊन येतात. माझे मत असे आहे की १४० ग्रेनच्या आसपासची मजबूत गोळी, अडीचशे यार्डांची स्वतःवर घातलेली मर्यादा आणि जनावर आडवे उभे असतानाच गोळी झाडण्याचा संयम, या तिन्ही गोष्टी असतील तर ते चालते. चारशे यार्डांवर किंवा खांद्याच्या जाड हाडातून मारण्यासाठी मी ते निवडणार नाही. .२४३ विंचेस्टर १०० ग्रेनच्या गोळीसह कायद्यात बसते, पण तिच्यात चुकीला जागा फार कमी आहे आणि नवख्याच्या हाती ती देणे मला जनावरावर अन्याय वाटतो.

कायद्याची किमान मर्यादा प्रत्येकाने आपल्या राज्याच्या पुस्तिकेत वाचावी. कोलोरॅडोत एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे नळीचा व्यास इंचात) आणि किमान १६ इंच नळीची लागते. आदळल्यावर पसरणारी, किमान ८५ ग्रेनची गोळी असावी लागते आणि उत्पादकाच्या तक्त्यानुसार १०० यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पाउंड ऊर्जा असावी लागते.

कॅलिबरवर रात्र-रात्र वाद घालणारे लोक गोळीच्या बांधणीकडे पुरेसे लक्ष देत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. हरणासाठी बनवलेली मऊ, झटकन फुटणारी गोळी एल्कच्या खांद्यावर आदळली तर वरच्यावर चुरा होऊन फुप्फुसापर्यंत पोहोचतही नाही. जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणावर हाच अनुभव आला आणि त्यातून मधे धातूची भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी जन्माला आली. आज शिसे आवरणाशी घट्ट जोडलेल्या गोळ्या आणि संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही सहज मिळतात. मी तांब्याची १६५ ग्रेनची गोळी निवडली. एक कारण म्हणजे ती आपले जवळजवळ सर्व वजन टिकवून आरपार जाते. दुसरे कारण स्वयंपाकघरातले. शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात आणि ते मांस माझी मुले खाणार असतात. गरुड आणि गिधाडेही शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांतून तेच शिसे पोटात घेतात. तांब्याची गोळी पसरायला वेग लागतो, म्हणून फार लांबच्या नेमासाठी ती योग्य नाही, आणि गोळीचा प्रकार बदलला की रायफल पुन्हा झिरो करावीच लागते, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमाच्या खुणेवरच बसेल अशी दुर्बीण जुळवावी लागते. माझी गोळी पहिल्या दिवशी जुन्या खुणेपासून तीन इंच डावीकडे गेली होती.

झिरो मी दोनशे यार्डांवर ठेवला. तेथून तीनशे यार्डांवर गोळी साधारण आठ इंच खाली येते, आणि एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा सव्वा फुटाच्या आसपास असल्याने तेवढा हिशेब डोक्यात सांभाळता येतो. नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ असल्यामुळे गोळी थोडी अधिक सपाट जाते, तरी डेन्व्हरच्या खालच्या मैदानावर केलेला झिरो डोंगरात पोहोचल्यावर एकदा तपासून घ्यावा. सरावाविषयी एकच सांगतो की टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारलेल्या, लक्ष्यावर जवळजवळ बसलेल्या गोळ्यांच्या सुंदर गटावर विसंबून राहू नये. उन्हाळाभर मी बसून, गुडघ्यावर टेकून आणि दुकाठीच्या आधाराने गोळ्या झाडल्या, तेव्हा समजले की बसून माझी मर्यादा २५० यार्डांची आहे आणि उभ्याने जेमतेम ८० यार्डांची.

मित्राच्या बाबतीत वेगळीच अडचण आली. विमानाने रायफल न्यायची तर ती रिकामी, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून सामानात द्यावी लागते आणि काडतुसांना बहुतेक कंपन्यांकडे ११ पाउंडांची मर्यादा असते. हे सर्व त्याने नीट केले होते, पण काडतुसांची बॅग पोहोचायला दोन दिवस उशीर झाला. .२७० ची काडतुसे आम्हाला वाटेतल्या गावातल्या दुकानात मिळाली. त्याच दुकानात एक गृहस्थ अलीकडेच बाजारात आलेल्या एका काडतुसाची चौकशी करीत होते, त्यांना मात्र रिकाम्या हाताने परतावे लागले. डोंगरातल्या लहान गावात कोणते काडतूस फळीवर असते, हाही कॅलिबर निवडण्याचा एक निकष धरावा. अर्थात नवी काडतुसे घेतल्यावर मित्राने अर्धा दिवस घालवून रायफल पुन्हा तपासली.

पहिले दोन दिवस आम्हाला फक्त माग दिसले. तिसऱ्या पहाटे, अंगावर नियमानुसार ५०० चौरस इंचांचे झगझगीत नारिंगी जाकीट आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी घालून, आम्ही अ‍ॅस्पेनच्या पानगळ झालेल्या झाडांच्या कडेला बसलो होतो. सूर्योदयापूर्वी अर्धा तास गोळी झाडण्याची मुभा असते, पण त्या उजेडात मला नर आणि मादी नीट ओळखता येईना, म्हणून मी थांबलो. उजाडल्यावर सात माद्या समोरच्या उतारावर आल्या. अंतरमापकाने २१० यार्ड दाखवले, चढाचा कोन धरून आडवे अंतर १९५. पुढची मादी माझ्याकडे तोंड करून तिरकी उभी होती आणि तिच्यामागे दुसरी होती. आरपार जाणाऱ्या गोळीने दोन जनावरे जखमी होऊ शकतात, हे तांब्याच्या गोळीच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागते. ती आडवी आणि एकटी होईपर्यंत चार-पाच मिनिटे गेली. मी खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागावर नेम धरून चाप ओढला आणि लगेच दुसरे काडतूस चढवले. त्याची गरज पडली नाही. ती साठ-सत्तर यार्ड धावली आणि झाडांत कोसळली. तरीही आम्ही अर्धा तास जागचे हललो नाही. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती आणि खांद्याचे मांस जवळजवळ अखंड राहिले होते.

यापुढची मेहनत आधीच ध्यानात घ्यावी. हाडांपासून सोडवलेले मांस साठ किलोंच्या आसपास भरले आणि तिघांना गाडीपर्यंत प्रत्येकी दोन खेपा कराव्या लागल्या. वाइल्डरनेसच्या, म्हणजे संरक्षित रानाच्या, हद्दीत मोटार चालत नाही, त्यामुळे गाडीपासून दीड-दोन मैलांहून लांब असताना चाप ओढण्यापूर्वी पाठीचा विचार करावा. जनावर मादी असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो आणि खाण्याजोगे मांस टाकून देणे गुन्हा आहे. हरणवर्गातील सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग या राज्यात असल्याने आम्ही नमुना तपासणीला दिला आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळे ठेवले. एल्कच्या मांसात चरबी अगदी कमी असते, म्हणून पायाचे तुकडे मंद आचेवर तीन तास शिजवले तरच वऱ्हाडी रस्सा जमतो.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संघीय कायद्यानुसार त्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. रायफल हातात घेण्यापूर्वी हे वकिलाकडून पक्के करून घ्यावे. तसेच शिकारीला नेलेली पाठपिशवी किंवा जाकीट मुंबईच्या विमानात कधीही नेऊ नये. भारतात सामानात विसरून राहिलेल्या एका जिवंत काडतुसावरूनही शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते. घरी परतल्यावर मी काडतुसे मोजली. निघताना चाळीस होती, झिरो तपासताना सहा आणि डोंगरात एक झाडली होती, आणि उरलेली तेहतीस पेटीत होती.