युक्रेनच्या खेड्यात पहिला हिवाळा काढताना

विनित्सिया प्रांतातल्या खेड्यात ख्रिस्ती सेवेसाठी येणारं कुटुंब बहुधा जूनमध्ये येतं. चेरीची झाडं लगडलेली असतात, घर स्वस्तात मिळालेलं असतं, आणि आल्या आल्या माणूस भाषा शिकायला आणि मंडळीत ओळखी करायला लागतो. आम्हीही तेच केलं. सप्टेंबरात शेजारच्या बाबांनी (इथे ‘बाबा’ म्हणजे आजी, मराठी डोक्याला हे पचायला वेळ लागतो) कुंपणावरून एकच प्रश्न विचारला, “द्रोवा ये?” लाकूड आहे का? नव्हतं. कोकणात आगोटीची बेगमी मे संपायच्या आत व्हावी लागते, तशी इथली एप्रिल ते ऑक्टोबरात. उशीर झाला की ओलं लाकूड मिळतं, आणि पुढचे सगळे त्रास त्या ओल्या लाकडातून निघतात.

लाकूड मोजतात ‘स्क्लादोमेत्र’ने. नीट रचलेल्या थप्पीचा हा एक घनमीटर. त्यातही भरीव लाकूड 0.65 ते 0.7 घनमीटरच असतं, बाकी हवा. ट्रकवाला मात्र वरून ओतलेला ढीग ‘कुब’ म्हणून विकतो, आणि तीन कुब रचून बघितले की जेमतेम दोन भरतात. भाव ठरवताना रचलेल्याचा की ओतलेल्याचा, हे आधी बोलून घ्यावं. साठ चौरस मीटरच्या, भिंतींना वेगळं आवरण नसलेल्या जुन्या घराला आठ ते दहा स्क्लादोमेत्र लागतात. ओक आणि हॉर्नबीम, म्हणजे इथला ‘ह्राब’, सगळ्यांत चांगले. अ‍ॅश थोडा ओला असला तरी चालवून घेता येतो. पॉप्लर कागदासारखा भुर्रकन जळतो, तो पेटवणापुरता ठेवावा.

ओंडक्याची लांबी चुलीच्या तोंडाप्रमाणे सांगायची. आतली खोली 45 सेंटिमीटर असेल तर 35 चे तुकडे. फोडलेलं लाकूड जमिनीपासून वर, दोन आडव्या वाशांवर, वाऱ्याच्या बाजूला रचायचं आणि फक्त माथा झाकायचा. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आत बुरशी धरते. ह्राबाला एक पुरा उन्हाळा, ओकाला दोन. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात. ओलं ‘थप’ असं बोलतं, आणि चुलीत टाकलं की टोकातून फेस काढत बसतं.

आता चूल. खाटल्यासारखी झोपायची जागा असलेली जुनी ‘पीच’ काही घरांत अजून आहे, पण रोजचं काम ‘ह्रुबा’वर चालतं. ही दोन खोल्यांच्या मधली विटांची जाड भिंतच असते. तिच्या पोटात धूर वरखाली वळसे घेत जातो आणि जाता जाता विटा तापवतो. स्वयंपाकघराच्या बाजूला ओतीव लोखंडाची प्लेट असते. तिच्यावर एकात एक बसणारी कडी असतात, भांड्याच्या बुडाप्रमाणे काढायची. खाली राखेचा कप्पा, त्यावर लोखंडी जाळी, त्यावर जळणाची जागा. धुराड्यात एक सरकती झडप असते, तिला ‘झासुव्का’ म्हणतात. सगळी कला आणि सगळा धोका त्या झडपेत आहे.

उन्हाळाभर बंद असलेली चूल पहिल्या दिवशी भसाभस पेटवू नये. विटांत ओल असते, एकदम तापल्या की सांधे फुटतात. पाच-सहा दिवस दीड-दोन किलोचाच जाळ करायचा. धुराड्यात थंड हवेचा बुच बसलेला असतो, त्यामुळे पहिला धूर घरातच येतो. त्यावर उपाय म्हणजे साफसफाईच्या छोट्या दारातून एक वर्तमानपत्र पेटवून आत सारायचं. सूंऽ असा ओढ लागल्याचा आवाज आला की मग खालचं पेटवायचं.

रोज दोनदा पेटवतो, पहाटे आणि संध्याकाळी, एका वेळी सहा ते आठ किलो. झडप पूर्ण उघडी, राखेचं दार उघडं. ज्वाळा धरल्या की दोन्ही अर्ध्यावर आणायची. मंद जाळ ठेवून लाकूड वाचेल असं नव्या माणसाला वाटतं, पण ते साफ चुकीचं आहे. अर्धवट जळलेला धूर थंड वळणांत डांबरासारखा चिकट थर सोडतो आणि जानेवारीत तोच थर पेट घेतो. दीड-दोन तास धडधडून जाळायचं आणि विझू द्यायचं. पुढचे दहा-बारा तास ऊब विटा देतात.

झडप बंद कधी करायची, हे शिकायला आम्हाला पहिला पंधरवडा लागला. लाल निखारे दिसले म्हणजे वेळ झाली, असं नाही. निखाऱ्यांवर लहान निळ्या जिभा नाचत असतील तर कार्बन मोनॉक्साइड अजून तयार होतोय. आकड्याने निखारे पसरायचे, काळं राहिलेलं लाकूड पुढे ओढून जळू द्यायचं, निळं पूर्ण गेलं की दहा मिनिटं थांबायचं आणि मगच झडप सरकवायची. तरीही शेवटचं बोटभर अंतर उघडं ठेवायचं. काही झडपांना त्यासाठी भोकच पाडलेलं असतं. ऊब निसटेल या लोभाने ते भोक बुजवणारे लोकही आहेत. या वायूला इथे ‘चाद’ म्हणतात. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, आणि माणसाला वाटतं सर्दी झाली, जरा पडावं. तेव्हा पडायचं नाही, दारं उघडून बाहेर जायचं आणि 103 ला फोन करायचा. झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा अलार्म लावला नसेल तर त्या घरात मुलं झोपवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुलीच्या दारासमोर फरशीवर 50 बाय 70 सेंटिमीटरचा पत्रा हवाच. राख दिवसभर धगधगती असू शकते, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी बादलीत काढायची आणि नंतर निसरड्या पायवाटेवर टाकायची. धुराडं हंगामाआधी एकदा आणि मध्यावर एकदा ब्रशने साफ करायचं. बटाट्याची सालं जाळली की काजळी पडते असं म्हाताऱ्या सांगतात. थोडी सैल होतही असेल, पण त्याने ब्रश चुकत नाही. भेगांना चिकणमाती आणि वाळू लावतात. मिश्रणाचा गोळा करून वाळवून बघायचा, चिरला तर वाळू कमी, भुगा झाला तर जास्त. काहीजण त्यात घोड्याची लीद घालतात. शेणाने चूल सारवलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही.

अंगणातलं तळघर, ‘पोह्रिब’, म्हणजे गावाचा फ्रिज. आत दोन ते सहा अंश राहावेत. बटाटे बादलीने मोजतात, बारा लिटरच्या बादलीत साधारण आठ किलो बसतात. आम्हा चौघांना पन्नास बादल्या पुरतात, पुढच्या लागवडीचं बियाणं धरून. गाजर आणि बीट ओलसर वाळूत. हवेसाठी दोन नळ्या लागतात, एक तळाशी उघडणारी आणि एक छताशी. नळ्या बर्फाने बुजल्या की तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. बंद तळघरात उतरताना पेटती मेणबत्ती पुढे धरायची, विझली तर मागे फिरायचं.

कोबी आंबवणं ऑक्टोबराच्या शेवटी. उशिरा येणारा, घट्ट, पांढरा कोबीच घ्यायचा, लवकरचा मऊ पडतो. बारीक चिरलेल्या किलोला 20 ते 25 ग्रॅम जाडं मीठ आणि मूठभर किसलेलं गाजर. पाणी सुटेपर्यंत हातांनी चुरायचं, दाबून भरायचं, वर ताट आणि दगड. कोबी आपल्याच पाण्याखाली बुडलेला हवा, उघडा राहिला की बुरशी आलीच. तीन ते पाच दिवस खोलीत ठेवून रोज काठीने तळापर्यंत भोकं पाडायची म्हणजे वायू निघतो, नाहीतर कडवट लागतो. मग तळघरात. पूर्वी मीठ म्हणजे पूर्व युक्रेनमधल्या सोलेदारच्या खाणीचं. 2022 मध्ये ती बंद पडली आणि आता दुकानात बाहेरदेशचं मीठ येतं.

विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं, पण शेतखतामुळे आणि शौचखड्ड्यांमुळे नायट्रेट असू शकतं. लिटरला 50 मिलिग्रॅम ही मर्यादा. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. तान्ह्या बाळाला असं पाणी घातक, त्यामुळे घर घेण्याआधीच तपासणी करून घ्यावी. घरात येणारी नळी एक मीटरच्या खाली पुरलेली आहे ना, तेही विचारावं. नाहीतर ती जानेवारीत फुटते आणि मार्चमध्ये कळते.

लोडशेडिंग आपल्याला नवं नाही, पण इथलं 2022 च्या ऑक्टोबरात वीजव्यवस्थेवर हल्ले सुरू झाल्यापासूनचं. गटागटाने वेळापत्रक निघतं आणि मोठा हल्ला झाला की तेही कोलमडतं. पंप बंद, म्हणून विहिरीची चक्री आणि दोर चालू स्थितीत ठेवायचे. ह्रुबाला वीज लागत नाही हे तिचं मोठेपण. प्रार्थनागृहात मात्र लाकडावरचा बॉयलर आणि रेडिएटर आहेत, त्यांना पाणी फिरवणारा 60 वॅटचा पंप लागतो. भरल्या जाळावर वीज गेली की पाणी बॉयलरमध्येच उकळतं. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी आणि साइन वेव्हचा इन्व्हर्टर असला तर आठ तास निघतात. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, हे त्यात धरलंय. आठवड्यातून दोनदाच तापणाऱ्या इमारतीत रेडिएटरमध्ये साधं पाणी ठेवायचं नाही, ते गोठू नये म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल घालायचं. रविवारच्या उपासनेसाठी बॉयलर शनिवारी संध्याकाळीच पेटवावा लागतो, नाहीतर भिंती गार राहतात आणि संदेश लांबला की मंडळी पाय आपटायला लागतात.

हिवाळ्यातली घरभेट बायबल उघडण्याआधी लाकडाच्या ढिगापाशी सुरू होते. मुलं शहरात किंवा आघाडीवर, म्हातारी एकटी आणि ओंडके न फोडलेले. कुऱ्हाडीऐवजी जड पाचरीची घणकुऱ्हाड, ‘कोलुन’, न्यावी. गाठीचा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नये, कडेकडेने सोलत यावं. कडक थंडीत लाकूड चटकन फुटतं, म्हणून उणे दहाचा दिवस निवडावा. दारात बूट काढायचे, यजमानीणबाई देईल त्या सपाता घालायच्या आणि उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, आत जाऊन मिळवायचा. जुन्या पद्धतीच्या घरी “स्लावा इसुसु ख्रिस्तु” म्हटलं की “स्लावा नाविकी” असं उत्तर येतं. चहा टाळता येत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर ‘कुत्या’ पुढ्यात येईल: कांडून साल काढलेला गहू, वाटलेली खसखस, मध आणि अक्रोड. आपल्या गव्हाच्या खिरीची ही चुलत बहीण. 2023 पासून बरीच घरं ती 24 डिसेंबरला करतात, काही अजून 6 जानेवारीला, म्हणून निघण्याआधी विचारून घ्यावं. निघताना मात्र एकदा तिच्या चुलीच्या झडपेकडे नजर टाकावी. आम्ही नेहमी टाकतो.