दगड इथे, विवर लोणारला

मेहकरच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते, तेव्हा दर हिवाळ्यात सातवीची सहल लोणारला, अशनी आदळून झालेलं विवर दाखवायला न्यायचे. म्हणून मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यावर नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजी, आपण डायनासोर बघायला जाऊ," तेव्हा मी लगेच तयार झाले. मला मात्र अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, पाहायचे होते.

न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी १८६९ सालचं. एडिसनहून लोकलने पेन स्टेशन आणि तिथून 'सी' गाडीने ८१व्या रस्त्याचं स्टेशन. फलाटाच्या भिंतींवर रंगीत फरश्यांचे तुकडे जोडून प्राणी काढले आहेत. त्यांच्यावरून हात फिरवत नात पुढे निघाली.

सकाळ तिची होती. १२२ फुटी पॅटागोटायटन डायनासोर दालनात मावत नाही, त्याची मान दारातून बाहेर येते. छताला टांगलेला ९४ फुटांचा निळा देवमासा पाहायला ती त्याच्याखाली जमिनीवर आडवी झाली. तिथे मुलं अशीच झोपून पाहतात. दक्षिण आशियाच्या दालनात हत्ती आणि पट्टेरी वाघ आहेत. परमुलखात आपला वाघ काचेमागे पाहताना मला जरा कसंसंच झालं. आम्ही तिथे फार थांबलो नाही.

दुपारी तारांगण. वरळीचं नेहरू तारांगण मी पाहिलेलं होतं, पण हे बांधकाम वेगळंच आहे. काचेच्या प्रचंड चौकोनी इमारतीत ८७ फूट व्यासाचा पांढरा गोल बसवलाय, आणि तारांगण त्याच्या वरच्या अर्ध्यात आहे. खेळाचं तिकीट वेगळं असतं आणि वेळ ठरलेली असते, तेव्हा आधी काढून ठेवा. गोलाभोवतीच्या सज्जात गोलाशी तुलना करणारे नमुने मांडलेत. मी नातीला हिशेब करून दाखवला : हा गोल सूर्य मानला तर आपली पृथ्वी फुटबॉलएवढी.

खरा आनंद मात्र खेळ संपल्यावर, खाली उतरताना मिळाला. गोलाला वळसा घालत ३६० फूट लांबीची उतरती वाट आहे आणि तिच्यावर विश्वाची १३ अब्ज वर्षं मांडली आहेत. माणसाचा सगळा लिखित इतिहास शेवटी एका केसाच्या जाडीत येतो. वर्गात मी सुतळीला गाठी मारून हेच शिकवायचे, पण पायांनी चालून कळणं निराळं. डायनासोर संपले ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे या वाटेच्या शेवटच्या दोन फुटांत. आपला दख्खनचा काळा कातळ लाव्ह्यातून थिजला तोही त्याच सुमारास. सातवीतल्या किती मुलांना मी हे सांगितलं असेल! तिथे उभी राहून नातीलाही सांगितलं.

आणि खालच्या मजल्यावर तो दगड होता, विलामेट अशनी. साडेपंधरा टन लोखंड आणि निकेल. अंगावर एवढे खोल खळगे की लहान मूल आत बसेल. ते आकाशातून येताना पडलेले नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगॉनच्या ओल्या जंगलात पडून असताना पावसाचं पाणी अशनीतल्या गंधकयुक्त खनिजाशी मिळून आम्ल झालं आणि त्याने लोखंड खाल्लं. तिथले मूळ रहिवासी क्लॅकमस लोक त्याला तोमानोवोस म्हणतात आणि खळग्यांत साठलेलं पाणी पवित्र मानतात. १९०२ साली एलिस ह्यूज नावाच्या माणसाने तीन महिने खपून तो पाऊण मैल ओढत आपल्या जमिनीत नेला. पुढे कोर्टात तो मुळात ज्या कंपनीच्या जमिनीवर होता तिचा ठरला, आणि १९०६ मध्ये इथे आला. २००० सालच्या करारानुसार त्या लोकांचे वंशज दर वर्षी इथे येऊन आपला विधी करतात. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या लोणारलाही लवणासुराची कथा आहे, झऱ्याची धार आहे, काठावर कमळजा देवी आहे.

दगडाला हात लावू देतात. गार, गुळगुळीत.

"आजी, मग याचा खड्डा कुठेय?"

नातीने नेमकं विचारलं. खड्डा नाहीच! दगड सापडला तिथे आदळल्याची खूण नाही. तो उत्तरेकडे कुठेतरी पडला आणि हिमयुगाच्या अखेरीस बर्फात अडकून महापुरांबरोबर ओरेगॉनला वाहत आला, असं मानतात. आमच्याकडे उलट. लोणारला जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे, कातळ वितळल्याच्या खुणा आहेत, पण आदळलेला दगड बहुतेक वाफ होऊन गेला. गावात झोपलेल्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे असं सांगतात. सहलीतली मुलं तिथे होकायंत्र धरून बघायची. दर वर्षी एक तरी मुलगा विचारायचा, "बाई, पण तो दगड गेला कुठं?" मी फळ्यावर आकृती काढून समजवायचे, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की त्याला दगडच हवा होता. आज तसा एक माझ्या तळव्याखाली होता, आणि मला ती सगळी पोरं आठवली.

आम्ही पाऊण तास तिथेच होतो. मग थकलेले पाय ओढत अशनींच्या दालनात जाऊन ग्रीनलंडचा ३४ टनांचा अहनिघिटो पाहिला. त्याचं वजन पेलायला खांब थेट इमारतीखालच्या कातळापर्यंत नेलेत. हा ज्या अशनीचा तुकडा आहे, त्याच्या लोखंडाचे तिथले इन्युइट लोक सुऱ्या-भाले करत.

परतीच्या गाडीत नातीने जाहीर केलं की डिसेंबरात भारतात आल्यावर ती विवरात खाली, कमळजेच्या देवळापर्यंत उतरणार. मी तिला तिथल्या पाण्याचा वास कसा येतो ते सांगितलं. चांगली पकड असलेले बूट मात्र आत्ताच घ्यायला हवेत, उतरणीवर वाळका पाला फार असतो.