आमची वाटचाल : केबिनमधून शेडमध्ये

२००६ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केलं, तेव्हा धातू कातायचे दोन जुने लेथ, मी आणि एक हेल्पर, एवढाच आमचा कारखाना. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (कातायचा तुकडा) धरता धरता काय ते ठरायचं. पुढे सेकंडहँड सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ, आलं, मग दुसरं, मग व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवरचंच मिलिंग मशीन. माणसं बावीस झाली. आता जरा सिस्टीम पाहिजे, म्हणून मी काचेची केबिन केली आणि आठ खुर्च्यांचं टेबल आणलं.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, म्हणून मीटिंग शुक्रवारी सकाळी दहाला. आधी चहा-बिस्किटं, मग पाऊण तास मी एकटाच बोलणार. सुपरवायझर, क्वालिटी, स्टोअर, डिस्पॅच, सगळ्यांचं एकच, "हो साहेब." मला वाटायचं, काय शिस्त आहे!

२०१८ मध्ये एका गिऱ्हाईकाकडून बुशच्या (धातूच्या पोकळ नळकांड्याच्या) ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली. बोअर, म्हणजे आतलं भोक, ३२ मिलिमीटरच, फक्त एच ७ चं एच ६ झालं होतं. म्हणजे मापात चालणारी २५ मायक्रॉनची सूट १६ वर आली. मीटिंगमध्ये मी स्वतः सांगितलं, "नवं ड्रॉइंग मशीनवर लावा, गेज बदला." उत्तर आलं, "होऊन जाईल साहेब." सुपरवायझरला वाटलं क्वालिटीवाले करतील, क्वालिटीला वाटलं स्टोअरनं गेज मागवला असेल. मशीनवर तेच तेलकट जुनं ड्रॉइंग आणि हातात भोकाचं माप तपासायचा तोच जुना प्लग गेज, त्यामुळे आमच्या तपासणीत माल एकदम ओके. सहाशे बुश गेले. जेमतेम दोनशे त्यांनी ठेवून घेतले, बाकीचे टेम्पोनं परत आले. मोठं झालेलं बोअर लहान कसं करणार? भंगारात घातले.

त्या रात्री मीटिंगची डायरी उघडून बसलो. पानोपानी 'करून घेऊ', 'सांगितलंय', 'बघतो', 'होऊन जाईल'. करणाऱ्याचं नाव एकाही ओळीत नाही. अंगावर न घेता काम कबूल करायची सोय आपल्या मराठीत फार छान आहे!

मग बायकोनं, म्हणजे आमच्या अकाउंट्सनं, मीटिंगचे मुद्दे टाइप करून वाटायला सुरुवात केली. ते कागद डब्याखाली अंथरलेले मी पाहिले आहेत.

खरा बदल लॉकडाऊननंतर झाला, तोही नाइलाजानं. २०२० मध्ये काम परत सुरू झालं तेव्हा बंद केबिनमध्ये आठ जण बसवणं शक्यच नव्हतं. मीटिंग शेडमध्ये आली. रोज सव्वाआठला, दुसऱ्या सीएनसीजवळ, उभ्यानं. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर तीन रकाने : काय, कोण, कधी. 'कोण'मध्ये एकच नाव. 'क्वालिटी' किंवा 'सगळे' लिहिलं की पुसायचं. लिहिणार ऑपरेटर, दर आठवड्याला नवा. चहा मीटिंगनंतर. हे मात्र मी मुद्दाम केलं, कारण चहावाला पोरगा साडेआठला दारात आला की कोणीही लांबण लावत नाही.

तरी बोलत मीच होतो. एकदा नाशिक फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो, पोचेपर्यंत मीटिंग उरकलेली. बोर्डावर हिंदीत एक ओळ होती : माल कड़क है, चालीस पीस में इन्सर्ट जा रहा है. म्हणजे धातू कडक आहे, चाळीस नगांतच इन्सर्ट, कापायचं बदलतं टोक, झिजतंय. ती लिहिणारा आमचा बिहारचा ऑपरेटर चार वर्षांत माझ्यासमोर एकदाही तोंड उघडून बोलला नव्हता. आम्ही महिनाभर इन्सर्टच्या खर्चावरून स्टोअरवाल्याला झापत होतो! धातूच्या बारची हार्डनेस तपासली, पोराचं खरं निघालं. लॉट परत पाठवला. तेव्हापासून मी सगळ्यात शेवटी बोलतो, आणि मीटिंग हिंदी-मराठी जशी येईल तशी चालते.

सगळंच जमलंय असं नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन बसायचा प्रयोग दोनदा फसला. पेमेंटच्या तगाद्याचं बोलणं अजून बंद केबिनमध्येच होतं, तिघांत, आणि ते तिथेच बरं.

केबिनमधलं ते टेबल आता इन्स्पेक्शनला दिलंय, त्यावर हाइट गेज असतो. बोर्डावर सध्या एक ओळ अकरा दिवस तशीच आहे : कॉम्प्रेसरचा ड्रेन व्हॉल्व्ह बदलणे. 'कोण'मध्ये माझं नाव. काल कोणीतरी त्याखाली लाल मार्करनं दोन रेघा मारल्यात. कोणी, ते मी विचारलं नाही.